कड्या गेल्या, नाव राहिलं

आमच्या वरठीच्या स्टेशनावर पाटी 'भंडारा रोड'ची. नवा पाहुणा हमखास गोंधळतो. 'कोर डंप'चंही तसंच. कोर म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅकची मेमरी अशाच कड्यांची होती. पुढे कड्या गेल्या, नाव तेवढं राहिलं.

जुन्या युनिक्सची कोर फाइल मात्र फारच अबोल. आधी यू-एरिया, मग डेटा, मग स्टॅक. ओळखीची खूण कुठेच नाही! जॉन गिलमोर यांनी जीएनयूच्या बीएफडी लायब्ररीसाठी ती वाचणारा कोड लिहिला. यू-एरियातले आकडे फाइलच्या लांबीशी ताडून बघायचे, एवढीच ओळखपरेड. पण यू-एरियाची रचना त्या-त्या यंत्राच्याच हेडर फाइलीतून कळते. यंत्र भंगारात गेलं (माझं गेलंय), की फाइल हाताशी असून मुकी.