दस नौ आठ

मुलांच्या ऑनलाइन छळाचा विषय निघाला की आपण संगणकवाले लगेच सेटिंग्जमध्ये शिरतो. प्रायव्हसी अशी ठेवा, पॅरेंटल कंट्रोल तसा लावा वगैरे. मला मात्र या गोष्टीची सुरुवात देवनारला सापडते, तीही घरोघरी इंटरनेट येण्याआधी.

जून १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (सगळ्यांच्या तोंडी 'टिस') शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावर, स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांसाठी एक फोन नंबर सुरू केला. १०९८. वाचता न येणाऱ्या मुलालाही लक्षात राहावा म्हणून 'दस नौ आठ' असा उतरत्या अंकांनी म्हणायचा. पैसे पडत नाहीत. आता यात काय विशेष? विशेष हे, की फोन मुलाने स्वतः करायचा. तोवर मुलाची तक्रार म्हणजे मोठ्या माणसाने, मोठ्या माणसाच्या भाषेत सांगितलेली तक्रार. इथे मूलच 'युजर' होतं. १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन उभं राहिलं आणि हा नंबर देशभर पोचला.

मग आलं ऑर्कुट. जानेवारी २००४. अंधेरी-बोरिवलीच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने बसणारी पोरं ज्यांना आठवतात, त्यांना खोटी प्रोफाइल्स आणि स्क्रॅपबुकातली चिखलफेकही आठवत असेल. पण ऑर्कुटच्याही आधीची एक केस आहे, दिल्लीची, २००१ मधली. चेहऱ्यावरच्या व्रणांवरून वर्गात सतत चिडवला जाणारा सोळा वर्षांचा मुलगा. त्याने वैतागून वर्गातल्या मुली आणि शिक्षिकांबद्दल अश्लील वेबसाइट काढली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली पकडला गेला. छळलेला आणि छळणारा एकच! कायद्याला दिसली ती वेबसाइट. त्याआधीची चिडवाचिडवी कुठल्याच कलमात बसत नव्हती.

मुंबईत भीतीने वेगळंच रूप घेतलं. ऑगस्ट २००७ मध्ये अंधेरीतल्या सोळा वर्षांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला आणि बातम्यांच्या मथळ्यांत ऑर्कुट झळकलं. (२०१२ मध्ये सत्र न्यायालयाने चार आरोपींना पुराव्याअभावी सोडलं.) अशा बातम्यांनंतर घरोघरचा उपाय एकच: अकाउंट बंद कर. धोका म्हणजे अनोळखी माणूस, हे आपल्या डोक्यात बसलं ते असं. प्रत्यक्षात त्रास देणारा बहुतेकदा वर्गातला, क्लासमधला, बिल्डिंगमधलाच असतो. आणि मूल गप्प का बसतं? सांगितलं तर आपलाच फोन जाईल म्हणून.

कायद्याची गोष्ट आणखी विचित्र आहे. ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेलं कलम ६६अ 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देत होतं, म्हणजे छळलेल्या मुलाच्याही कामाचं वाटावं असं. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली तेव्हा ते वापरलं गेलं. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, बस! २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. योग्यच केलं. पण नुसत्या कुचक्या बोलण्याला, मीमला, ग्रुपमधून काढून टाकण्याला त्यानंतर थेट कलम उरलं नाही. पाठलाग, धमकी, खोटी ओळख, खासगी किंवा लैंगिक फोटो या गोष्टींना आहे. बाकीचं शाळेने आणि घराने निस्तरायचं.

गुन्हा असेल तर मुलुंडहून थेट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायबर पोलीस ठाण्यात जायलाच हवं असं नाही. मूळ कायद्यात तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे होता. २००९ पासून निरीक्षकही करू शकतो, म्हणजे जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते. मात्र ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. संतापून आधी सगळं डिलीट केलं तर पुरावाही जातो. आणि १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, मुलांसाठी १०९८च. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेलाय, आकडे तेच.

एक गोष्ट मला इंजिनियर म्हणून फार आवडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेने 'टेक इट डाउन' सुरू केलं. अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो पसरला किंवा पसरण्याची भीती असली, तर त्या फोटोचा हॅश, म्हणजे आकडी ठसा, मुलाच्याच फोनवर तयार होतो. फोटो कुठेच जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सामील झालेल्या कंपन्या तो जुळवून फोटो अडवतात. व्हॉट्सॅपच्या बंद ग्रुपमध्ये याचा उपयोग नाही, ही मर्यादा आहेच. पण मुलाला नाव विचारत नाहीत, आणि आईबाबांना आधी सांगितलंस का, असंही विचारत नाहीत.