बारडचा डोंगर, तलवाड्याची रात्र

डहाणू तालुक्यात बोर्डी-घोलवडच्या मागे बारडचा डोंगर आहे. वर कातळात कोरलेल्या गुहा आहेत, त्यांना बहरोटची लेणी म्हणतात. पारशी लोक आजही तिथे श्रद्धेने जातात. संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी, इराणशाह, याच गुहांमध्ये बारा वर्षे जपला गेला, असे त्यांची परंपरा सांगते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारसीत लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये ही हकिकत आहे. घटना चौदाव्या शतकातली की पंधराव्या, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण संजाणवर आलेली फौज सुलतानाची, म्हणजे मुसलमानाची होती, हे किस्सा स्पष्ट सांगतो. मुसलमानाने लिहिताना हे वाक्य गाळू नये, असे मला वाटते.

बारा वर्षे आग विझू द्यायची नाही म्हणजे रोज लाकूड हवे. माणसे जगवायची म्हणजे धान्य हवे, पाणी हवे. डोंगराखालचे जंगल आदिवासींचे. त्यांच्या नजरेआड कुणी बारा वर्षे लपून राहील, हे मला खरे वाटत नाही. त्यांनी पाहिले असणार आणि फौजेला सांगितले नसणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण मक्केतून जीव वाचवून निघालेल्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, आसरा दिल्याची गोष्ट ऐकत जे वाढले, त्यांना हा तर्क अवघड वाटू नये.

पुढची हकिकत मात्र तर्काची नाही.

1945 साली डहाणू, उंबरगाव भागातला वारली जमीनदाराच्या वेठीला जुंपलेला होता. वेठ म्हणजे फुकट राबणे. बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून जायचे. याहून वाईट लग्नगडी. लग्नासाठी थोडे कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही सावकाराचे गुलाम. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब सावकार ठेवी. हे जमीनदार, सावकार आणि जंगलाचे ठेकेदार कुठल्या एका जातीधर्माचे नव्हते. हिंदू होते, पारशी-इराणी होते, मुसलमानही होते. गरिबाला पिळताना मजहब कुणाच्या आड आला नाही.

या मुलखात गोदावरी परुळेकर आल्या. 1907 साली पुण्यात जन्मलेल्या, वकील गोखल्यांची मुलगी, स्वतः कायद्याच्या पदवीधर. वारल्यांना आजवर असा पांढरपेशा माणूस माहीत होता तो तलाठी, पोलीस, नाहीतर सावकाराचा कारकून म्हणून. बाहेरून आलेला माणूस काहीतरी न्यायलाच येतो, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव. तरी 23 मे 1945 रोजी तळासरीजवळ झरीला सुमारे पाच हजार वारली जमले आणि आता वेठ करायची नाही, असे ठरवून उठले. पुढे गोदूताई आणि शामराव परुळेकर यांना जिल्ह्यात यायला बंदी झाली. भूमिगत काळात त्यांना याच कुडाच्या झोपड्यांनी लपवले. ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीला कंद उकडून दिवस काढायचे, त्या घरातली नाचणीची भाकरी अर्धी तोडून बाईला द्यायची आणि अंधारात तिला पुढच्या पाड्यावर पोचवायचे. पकडले गेल्यास मार वारल्याला, हे सगळ्यांना ठाऊक होते. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते त्यात एक मुसाफिर आहे. घरी तो कितीही सुखवस्तू असो, वाटेवर तो गरजूच. वारल्यांना हा मसला कुणी शिकवला नव्हता.

गोदूताईंनी हा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. 1970 साली ते आले, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी मिळवून वाचावे.

आता 10 ऑक्टोबर 1945. जमीनदारांनी आवई उठवली की तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे आणि गुंड त्यांच्या जिवावर उठले आहेत. लाठ्याकाठ्या घेऊन या. दुसरीकडे पोलिसांना सांगितले की वारली हत्यारे घेऊन हल्ल्याला येताहेत. बाई तिथे नव्हत्याच. पण पाड्यापाड्यांवरून हजारो माणसे रात्रीची निघाली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत जी बाई त्यांच्या कुणाची कुणी नव्हती, तिला वाचवायला. पोलिसांनी गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशीही तो थांबून थांबून चालू राहिला. लाल झेंडा आणि बाई धोक्यात आहे, या समजुतीने माणसे जागची हलेनात. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

खोट्या बातमीने जमलेला हा जमाव होता, हे विसरू नका. कारण याच डहाणू तालुक्यात 75 वर्षांनी दुसरा जमाव जमला, तोही खोट्या बातमीनेच.

एप्रिल 2020, टाळेबंदी. मुले पळवणारे, अवयव काढणारे लोक रात्री फिरताहेत, अशी अफवा पाड्यांवर पोचली होती. गावकरी पहारा देत होते. त्याच सुमारास या तालुक्यात मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरवरही हल्ला झाला. 16 एप्रिलच्या रात्री गडचिंचल्याला, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ, अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने पोलिसांदेखत ठेचून मारले. दुसऱ्या अफवेला मग वेळ लागला नाही: मारणारे मुसलमान होते. अखेर गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या 101 जणांत एकही मुसलमान नाही, असे जाहीर करावे लागले. त्याच दिवसांत मुसलमान भाजीवाल्यांना गल्लीतून हाकलले जात होते. त्यामुळे ती यादी आली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो निःश्वास टोचतो. तिघे मुसाफिर मेले होते.

काहींनी तेव्हा आदिवासींनाच जंगली ठरवले. ज्यांच्या आजोबांनी परक्या बाईसाठी गोळ्या खाल्ल्या त्यांना हे म्हणणे मला मान्य नाही, आणि त्या रात्रीचे समर्थनही मान्य नाही. 1945 साली अफवा पसरवणाऱ्याला एवढे पक्के माहीत होते, की बाईचा जीव धोक्यात आहे म्हटले की हे लोक धावत येतील. 2020 साली अफवेने उलटी कळ दाबली, पोरांच्या जिवाची भीती. बाहेरून आलेला माणूस काहीतरी न्यायला येतो, हा जुना अनुभव तिच्या मदतीला होताच.

गडचिंचल्याच्या सरपंच बाईंनी नंतर सांगितले, की त्या रात्री त्या चौकीपाशी गेल्या होत्या. गाडीतली माणसे कोण, हे त्यांनी विचारले आणि पोलीस येईपर्यंत थांबा म्हणून त्या जमावाला विनवत राहिल्या. जमाव वाढत गेला, तसा त्यांच्याही जिवावर बेतले.