प्रीमॉर्टेम

प्रीमॉर्टेम : प्रकल्पाचा आराखडा तयार झाल्यावर, पण काम सुरू होण्यापूर्वी, तो फसला असे गृहीत धरून कारणे शोधण्याची गटपद्धत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ती घडवली. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या सप्टेंबर 2007 च्या अंकातील त्यांच्या लेखामुळे ती व्यवस्थापन क्षेत्रात सर्वदूर पोचली.

आराखडा सर्वांना समजावून झाला की गटप्रमुख जाहीर करतो : प्रकल्प सपशेल फसला आहे. मग प्रत्येकाने काही मिनिटे, कुणाशी न बोलता, कारणे लिहून काढायची. एरवी बोलायला जड जाणारी तर आवर्जून. वाचनाची सुरुवात प्रमुखाने करायची. एका वेळी एकाने एकच कारण वाचायचे आणि नवी कारणे संपेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या.

‘फसेल का?’ असे न विचारता ‘फसला आहे’ असे सांगण्यात या पद्धतीचा प्राण आहे. एरवी शंका काढणारा कच खाणारा ठरतो. इथे शंका काढणे हेच त्याला नेमून दिलेले काम असते. घटना नक्की घडली आहे असे धरले की माणसाला तिची अधिक कारणे सुचतात, असे मिचेल, रूसो आणि पेनिंग्टन यांच्या 1989 च्या संशोधनात दिसून आले होते.

क्लाइन यांनी दिलेले एक उदाहरण बोलके आहे. हवाई मोहिमांच्या नियोजकांसाठी संगणकप्रणाली तयार होत होती. आरंभीच्या लांबलचक बैठकीत गप्प बसलेला एक सदस्य प्रीमॉर्टेममध्ये म्हणाला, की प्रत्यक्ष वापरातल्या लॅपटॉपवर यातला एक अल्गोरिदम तासन्‌तास चालेल. त्यावर कळले, की तो रचणाऱ्यांकडे जवळची वाट तयारच होती. ती सांगायला ते कचरत होते. तीच वापरली गेली आणि प्रकल्प यशस्वी झाला.

आपल्याकडे नारळ फुटल्यावर अडचणी काढणे म्हणजे कामाला नाट लावणे, असा समज कार्यालयांतही आढळतो. म्हणून ही बैठक नारळ फोडण्याआधी घ्यावी.

नोबेल मानकरी डॅनिएल कानेमान यांनी 2011 च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची वाखाणणी केली, मात्र ती रामबाण नसल्याचेही बजावले. सदस्यांच्या अपेक्षा तिच्यातून आपोआप पुढे येत नाहीत. ‘या कामातून मला काय हवे आहे’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. शिवाय नुसती यादी करून ती फायलीत गेली, तर पुढच्या वेळी कुणी मनापासून लिहीत नाही. कोणत्या कारणावर कुणी, कधीपर्यंत काय करायचे, हे त्याच बैठकीत ठरवावे.