मूळगाव : शुक्र

श्राद्धात पितरांचे दोन गण हमखास भेटतात : अग्निष्वात्त आणि बर्हिषद. अग्नीने ज्यांचा देह स्वीकारला ते पहिले, दर्भावर येऊन बसतात ते दुसरे, अशी त्यांची ढोबळ ओळख. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पितृसूक्तात दोघांचीही नावे आहेत. १८८८ साली लंडनमध्ये ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ नावाचा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि या पितरांचे काम एकदम वाढले. तोवर ते ज्याच्या त्याच्या घरचे होते. आता ते अवघ्या मानवजातीचे, तेही पृथ्वीबाहेरून आलेले पूर्वज झाले.

आज अमेरिकेत आणि युरोपात स्वतःला ‘स्टारसीड’ म्हणवणारी माणसे आहेत. आपला आत्मा मूळचा कृत्तिकांचा किंवा व्याधाचा, पृथ्वीवर तो काही कामापुरता आला आहे, अशी त्यांची श्रद्धा. हे कुळ ती माणसे फार प्राचीन मानतात. प्रत्यक्षात ते सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडचे नाही, आणि त्याच्या घडणीत आपल्या गिरगावाचाही थोडा हात आहे.

परग्रहावर वस्ती असावी ही कल्पना अर्थातच याहून जुनी. फ्रान्समध्ये फाँतनेलने १६८६ साली ग्रहांवरच्या रहिवाशांविषयी खुसखुशीत संवाद लिहिले. स्वीडनच्या एमानुएल स्वीडनबॉर्गने १७५८ मध्ये चंद्र, शुक्र, गुरू अशा ठिकाणच्या आत्म्यांशी आपण बोललो असे छापून सांगितले. पण हे सगळे शेजारी होते, पूर्वज नव्हते. माणूस कुठून आला याचे उत्तर बायबलने दिलेले होते. ते पुरत होते तोवर शेजाऱ्यांना वंशावळीत ओढायची कुणाला गरज नव्हती.

ती गरज डार्विनने निर्माण केली. १८५९ आणि १८७१ या सालच्या त्याच्या दोन ग्रंथांनी माणसाच्या देहाची वंशावळ प्राण्यांकडे नेली. देहापुरते अनेकांनी ते मानलेही; अडले ते मनापाशी. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विनच्या बरोबरीने मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस स्वतःच १८६९ मध्ये म्हणू लागला की, माणसाच्या बुद्धीचा उगम या तत्त्वाने सुटत नाही, तिथे कुणा वरच्या बुद्धीचा हात असला पाहिजे. वॉलेस तोवर प्रेतात्म्यांच्या बैठकांना जाऊ लागला होता. वंशावळीत मनाची जागा अशी रिकामी राहिली.

ती भरली हेलेना ब्लाव्हाट्स्की या रशियन बाईंनी. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कर्नल ऑलकॉट यांच्यासह थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. १८७७ च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा भर इजिप्त, ग्रीस आणि युरोपातल्या गूढविद्येवर होता. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी दोघे मुंबईच्या बंदरात उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड केले. त्याच ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून निघू लागले. १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला हलले. मुक्काम चारेक वर्षांचाच, पण एवढ्यात बाईंच्या लिखाणाचा सांगाडा बदलला. युगे, मन्वंतरे, कल्प, पितर, मानसपुत्र, कुमार ही सगळी मंडळी त्यात राहायला आली. अलाहाबादच्या ‘पायोनियर’ या इंग्रजी दैनिकाचे संपादक ए. पी. सिनेट यांनी १८८३ मध्ये या नव्या मांडणीचे पहिले पुस्तक काढले. एकेका मानवी लाटेने ग्रहमाला पार करत जायचे, अशी ती मांडणी होती.

ब्लाव्हाट्स्कींच्या ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये ती पूर्ण झाली. चंद्र पृथ्वीहून थोरला. तिथले जीवन संपले तेव्हा बर्हिषद पितर इकडे आले आणि त्यांनी आपल्या ‘छाया’ टाकून मानवी आकार घडवले. हे आकार चालतेबोलते खरे, पण मनाविना. पुढे तिसऱ्या ‘मूळवंशा’च्या काळात, लेमुरिया नावाच्या बुडालेल्या खंडावर, अग्निष्वात्त म्हणजेच मानसपुत्र उतरले आणि त्यांनी त्या आकारांत बुद्धीची ठिणगी टाकली. देह घडत आला, मन बाहेरून आले. डार्विनला नाकारायचेही नाही आणि पुरता स्वीकारायचाही नाही, अशी ही तडजोड होती. लेमुरियाही त्या काळच्या विज्ञानातूनच घेतलेला. मादागास्कर आणि भारत या दोन्ही ठिकाणच्या लेमूरसदृश प्राण्यांचा संबंध लावण्यासाठी फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये हे खंड कल्पिले होते. भूखंडे सरकतात हे कळल्यावर शास्त्राने ते सोडून दिले. गूढवाद्यांनी मात्र जपून ठेवले.

हे सगळे एका अज्ञात, अतिप्राचीन पोथीतून घेतल्याचे बाई सांगत. विल्यम एमेट कोलमन या अमेरिकन टीकाकाराने १८९० च्या दशकात त्यांच्या ग्रंथांतले उतारे ताडून पाहिले आणि मोठा आधार दाखवला तो होरेस हेमन विल्सन यांच्या विष्णुपुराणाच्या इंग्रजी भाषांतराचा. ते भाषांतर १८४० सालचे, ग्रंथालयात सहज मिळणारे.

उसनवारीचा दोष देऊन थांबले तर मात्र खरी गंमत निसटते. आपल्याकडेही माणसाचा रस्ता चंद्रावरून जातोच. छांदोग्य उपनिषदात पितृयाणाने गेलेला जीव चंद्रापर्यंत पोचतो, पुण्य सरले की पावसाबरोबर खाली येतो, धान्यात शिरतो, धान्यातून रेतात आणि पुन्हा जन्माला. हे चक्र आहे. त्यात चंद्र हा वाटेवरचा मुक्काम. ब्लाव्हाट्स्कींनी त्या फिरत्या चाकाची सरळ रेघ केली : आधी चंद्र, मग पृथ्वी, पुढे आणखी वरचे काही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा प्रगतीवरचा विश्वास असा पुराणांत शिरला आणि मुक्कामाचे मूळगाव झाले.

चंद्रावरून शुक्रावर हे मूळगाव नेले पुढच्या पिढीने. ॲनी बेझंट यांनी डिसेंबर १९०३ मध्ये अड्यारला चार व्याख्याने दिली, ती ‘द पेडिग्री ऑफ मॅन’ म्हणजे ‘माणसाची वंशावळ’ या नावाने छापली गेली. १९१३ साली त्यांनी आणि सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी दिव्यदृष्टीने पाहिलेला म्हणून मानवाचा सगळा इतिहासच सांगितला. त्यानुसार लक्षावधी वर्षांपूर्वी शुक्रावरून ‘ज्योतीचे स्वामी’ आले आणि आजच्या गोबी वाळवंटाच्या जागी असलेल्या समुद्रातल्या एका बेटावर उतरले. त्यांचा प्रमुख सनत्कुमार. हाच सनत्कुमार छांदोग्यात नारदाला शिकवतो : सगळ्या विद्या शिकूनही शोक का जात नाही, हा नारदाचा प्रश्न, आणि नामापासून भूम्यापर्यंत एकेक पायरी चढवत नेणारे ते उत्तर. उपनिषदातल्या सनत्कुमाराला कुठल्या ग्रहावरून येण्याची गरज पडली नव्हती.

भारत आणि परग्रह हे त्या काळच्या युरोपच्या मनात फारसे लांब नव्हतेच. जिनिव्हात एलेन स्मिथ या टोपणनावाने ओळखली जाणारी एक माध्यम-बाई तंद्रीत कधी मंगळाची भाषा बोले, तर कधी मागच्या जन्मीची हिंदू राणी होऊन संस्कृतसारखे काही. ते संस्कृत तपासायला खुद्द भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांना बोलावले होते. मानसशास्त्रज्ञ तेओदोर फ्लुर्न्वा यांनी १९०० मध्ये तिच्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात भारत आणि मंगळ शेजारी शेजारी आहेत. तिबेटचेही तेच. ब्लाव्हाट्स्की ज्यांना आपले गुरू म्हणत ते महात्मे तिबेटात राहत, कारण तिथे कुणी जाऊ शकत नव्हते. १९०४ मध्ये ब्रिटिश फौज ल्हासात घुसली आणि तिबेटही नकाशावरची जागा झाली.

अमेरिकेतल्या जॉर्ज अॅडम्स्कीच्या चरित्रात तिबेटातून ग्रहांकडचे हे स्थलांतर उघड दिसते. १९३० च्या दशकात तो कॅलिफोर्नियात ‘रॉयल ऑर्डर ऑफ तिबेट’ नावाची मंडळी चालवत होता. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ नऊ झगमगत्या वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि उडत्या तबकड्यांची लाट आली. २० नोव्हेंबर १९५२ रोजी अॅडम्स्कीला वाळवंटात शुक्रावरचा माणूस भेटला, असे त्याचे म्हणणे : लांब सोनेरी केसांचा, मनाने मनाशी बोलणारा, अणुबॉम्बविषयी सावध करणारा. गुरूची वेशभूषा बदलली, उपदेश तोच राहिला. लंडनच्या जॉर्ज किंग या टॅक्सीचालकाने तर योगसाधना करता करताच १९५४ मध्ये आकाशवाणी ऐकली आणि पुढच्या वर्षी शुक्रावरच्या ‘इथीरिअस’च्या नावाने पंथ काढला. त्याच्या पंथाच्या मते माणसे पूर्वी माल्डेक नावाच्या ग्रहावर राहत. त्यांनी अणुस्फोटाने तो ग्रहच उडवला, त्याचे तुकडे म्हणजे लघुग्रहांचा पट्टा, आणि ते आत्मे पुढे पृथ्वीवर जन्मले. हिरोशिमानंतरच्या काळातले हे मूळपाप.

मग शुक्रावरच यान गेले. डिसेंबर १९६२ मध्ये ‘मरिनर २’ने जवळून जाताना ग्रह भट्टीसारखा तापलेला असल्याचे कळवले. डिसेंबर १९७० मध्ये सोव्हिएत ‘व्हेनेरा ७’ खाली उतरले : तापमान सुमारे ४७५ अंश सेल्सियस, दाब पृथ्वीच्या नव्वदपट. किंगच्या पंथाने सांगितले की, तिथले रहिवासी सूक्ष्म स्पंदनांच्या पातळीवर राहतात. बाकीच्यांनी गाव बदलले. १९७५ पासून स्वित्झर्लंडचा बिली मायर कृत्तिकांवरचे पाहुणे सांगू लागला. १९७६ मध्ये रॉबर्ट टेंपल यांनी व्याधाचे पुस्तक लिहिले : माली देशातल्या डोगोन लोकांना व्याधाच्या अदृश्य जोडताऱ्याचे ज्ञान आहे, ते परग्रहवासीयांनीच दिले असणार. ही माहिती मार्सेल ग्रिओल या मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवलेली. वाल्टर व्हान बेक डोगोनांमध्ये राहून आले आणि १९९१ मध्ये त्यांनी लिहिले की, असे ज्ञान तिथे सापडले नाही. कृत्तिकांची अडचण आणखी साधी. त्या पुंजक्याचे वय दहा-बारा कोटी वर्षांच्या आसपास. पृथ्वीवर डायनोसॉर फिरू लागले तेव्हा कृत्तिका जन्मल्याही नव्हत्या.

गूढवादी भाषा ज्यांना रुचत नव्हती त्यांच्यासाठी याच वंशावळीची प्रयोगशाळेतली आवृत्ती निघाली. एरिक फॉन डॅनिकेनच्या १९६८ च्या पुस्तकात देव अंतराळवीर झाले. फ्रान्सच्या क्लोद व्होरिलोंने, म्हणजे ‘राएल’ने, डिसेंबर १९७३ मध्ये आपल्याला भेटलेल्या ‘एलोहीम’नी माणूस प्रयोगशाळेत घडवल्याचे सांगितले. झकारिया सिचिनच्या १९७६ च्या पुस्तकात तर माणूस हा परग्रहवासीयांनी सोन्याच्या खाणीत राबायला तयार केलेला मजूर. मानसपुत्रांची ठिणगी गेली, जनुके आली. मन बाहेरून आले हा मुद्दा जागचा हलला नाही.

राजघराण्यांच्या वंशावळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. देवगिरीच्या यादवांचे कुळ हेमाद्रीने आपल्या राजप्रशस्तीत चंद्रापर्यंत नेले. चंद्राचा तिथला उपयोग खगोलाचा नव्हता, दर्जाचा होता. आकाशातली वंशावळही तेच काम करते. थिऑसॉफिकल सोसायटीचे पहिले उद्दिष्ट वंश-वर्ण न पाहता विश्वबंधुत्व. भारतात अनेकांना ते मनापासून भावले. पण त्याच ब्लाव्हाट्स्कींच्या ग्रंथात मूळवंशांची उतरंड आहे, आणि काही आदिम जमातींत ती दैवी ठिणगी नाही असेही आहे. ऑस्ट्रियातल्या गिडो फॉन लिस्टसारख्यांनी हाच माल उचलून आर्यश्रेष्ठत्वाचा पंथ रचला. भोवतालच्या माणसांपेक्षा आपले खरे घर वेगळे, ही भावना टोकाला गेली की काय होते तेही जगाने पाहिले : मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हेवन्स गेट’च्या ३९ जणांनी धूमकेतूमागून येणाऱ्या यानात बसण्यासाठी आत्महत्या केली.

विज्ञानालाही आकाशातले मूळ वर्ज्य नाही. राएलच्या त्याच १९७३ साली फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी, जीवाणू कुणी मुद्दाम पृथ्वीकडे धाडले असतील का, यावर शोधनिबंध लिहिला. पुण्याचे जयंत नारळीकर यांनी या प्रश्नासाठी बलून वर पाठवले. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. २००५ च्या दुसऱ्या खेपेत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. ते वरून खाली आले की खालून वर गेले, याचा निकाल लागलेला नाही, हेही इस्रोने सांगून टाकले.

जीवाणू खरोखर आकाशातून आले असतील, तर ते गवताचे, झुरळाचे आणि माणसाचे एकाच वेळी पूर्वज ठरतील. म्हणूनच ही शक्यता कितीही रोमांचक असली तरी तिचा पंथ निघत नाही; जिच्यात सगळेच सामील आहेत अशा वंशावळीला भाव नसतो. उद्या कुणी आपले कुळ अमुक ताऱ्याचे म्हणून सांगू लागला तर ताऱ्याचे अंतर विचारण्यात वेळ घालवू नये. त्या कुळात कोण कोण मोडत नाही, एवढे विचारावे.