‘मोराव्हिया’च्या टाकीतलं पाणी

१७ ऑगस्ट १८९२. हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला निघालेल्या ‘मोराव्हिया’च्या पोटात, सर्वांत स्वस्त वर्गात, तुम्ही अंग चोरून बसला आहात. भोवती रशियातून परागंदा झालेली ज्यू कुटुंबं. बोचकी, तान्ही मुलं, ओकारीचा वास. हॅम्बुर्गात पटकी शिरली आहे, पण शहराचे कारभारी अजून तिचं नाव काढत नाहीत. जहाजाच्या कागदांवर सगळं आलबेल.

तहान लागते. पत्र्याच्या पेल्यात टाकीतलं पाणी येतं. दिसायला बरं आहे. एल्बे नदीचं आहे, न गाळलेलं.

मग शेजारच्या पोराला भाताच्या निवळीसारखे जुलाब सुरू होतात. डोळे खोल जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, बोटांची कातडी सुरकुतते. उपाय तुम्हाला पाठ आहे : उकळलेलं पाणी, मीठ, साखर, घोटघोट. पण सांगणार कोणत्या भाषेत? त्याची आई यिडिश बोलते, आणि घाबरून त्याच टाकीतलं पाणी त्याच्या ओठांना लावते. जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉखनं कलकत्त्यात या रोगाचा जंतू हुडकला त्याला आठ वर्षं झाली; डेकखाली ती खबर कोण आणणार? याच उन्हाळ्यात पॅरिसमध्ये ओडेसाच्या एका ज्यू तरुणानं पटकीची लस स्वतःलाच टोचून घेतली आहे. वाल्डेमार हाफकिन. परळच्या संस्थेला पुढे त्याचंच नाव मिळालं.

प्रेतं समुद्रात सोडली जातात. ऑगस्ट सरता सरता न्यूयॉर्कजवळ नांगर पडतो तेव्हा २२ जण गेलेले असतात. बहुतेक मुलंच.

१ सप्टेंबरला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या मंजुरीनं हुकूम निघतो : स्थलांतरितांना घेऊन येणाऱ्या जहाजांना २० दिवस विलगीकरण. तुमच्यासारख्यांसाठी बंदरातली बेटं आहेत. पाठोपाठ आलेल्या ‘नॉर्मानिया’च्या केबिनवाल्यांसाठी मात्र फायर आयलंडवर अख्खं हॉटेल विकत घेतलं जातं. तिथले गावकरी त्यांनाही उतरू देईनात, ही गोष्ट वेगळी. पटकीच्या भीतीपुढे तिकिटाचा वर्गही काही काळ चालला नाही.

सगळा रोख माणसांवर होता, आणि दोष पाण्याचा होता. हॅम्बुर्गला खेटून असलेलं आल्टोनाही एल्बेचंच पाणी प्यायचं, पण वाळूतून गाळून. ते बरंचसं वाचलं. हॅम्बुर्गात सुमारे ८,६०० माणसं मेली. तिथलं गाळणकेंद्र सुरू झालं ते १८९३च्या मे महिन्यात.