स्वीडनचा 'लिंपा' ब्रेड घरी कसा बनवायचा? आणि त्याचं पीठ आधी उकळत्या पाण्यात का भिजवतात?

ज्वारीची भाकरी करताना पिठात आधणाचं पाणी घातलं की पिठाला चिकटपणा येतो आणि भाकरी थापताना फाटत नाही, हे आपल्याला माहीत आहे. जवळपास हीच युक्ती स्वीडनमध्ये राय नावाच्या धान्याचा ब्रेड करताना वापरतात. तिथे राय घालून केलेला मऊ, किंचित गोड ब्रेड 'लिंपा' म्हणून ओळखला जातो.

राय म्हणजे राई का?

नाही. राय म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे. हे गव्हाच्या कुळातलं धान्य आहे. थंडी आणि हलकी जमीन ते गव्हापेक्षा जास्त सोसतं, म्हणून उत्तर युरोपात ते शतकानुशतकं खाल्लं जातंय.

स्वीडनमध्ये रायचे दोन अवतार प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे पातळ, कडक 'क्नेकेब्रोड'. पूर्वी याला मधोमध भोक पाडून, काठीत ओवून छताखाली टांगायचे. कोरडा असल्याने तो महिनोन्‌महिने टिकायचा. दुसरा म्हणजे लिंपा. त्यात बडीशेप, संत्र्याची साल आणि गडद पाक घालतात.

उकळतं पाणी कशासाठी?

गव्हातल्या ग्लुटेनची जाळी तयार होते आणि त्यात हवा अडकून ब्रेड फुगतो. रायमध्ये अशी भक्कम जाळी बनत नाही. त्यातले काही तंतुमय घटक भरपूर पाणी शोषतात, त्यामुळे कणीक चिकट होते. उकळतं पाणी ओतल्यावर पिठातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. परिणामी ब्रेड बरेच दिवस मऊ राहतो आणि चवीला थोडा गोडवा येतो.

साहित्य (एका ब्रेडसाठी)

- रायचं पीठ 200 ग्रॅम
- मैदा 300 ग्रॅम
- उकळतं पाणी 250 मिली, कोमट पाणी 100 मिली
- काकवी 50 ग्रॅम (स्वीडिश गडद पाकाऐवजी)
- लोणी 30 ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम
- भरडलेली बडीशेप 2 चमचे, एका संत्र्याची किसलेली साल

कृती

1. रात्री रायचं पीठ, मीठ, बडीशेप आणि संत्र्याची साल एकत्र करा. त्यावर उकळतं पाणी ओतून ढवळा आणि झाकून ठेवा.
2. सकाळी हे मिश्रण पूर्ण गार झालंय ना, ते बघा. गरम असेल तर यीस्ट मरेल.
3. त्यात कोमट पाणी, काकवी, यीस्ट, मैदा आणि लोणी घालून 8 ते 10 मिनिटं मळा.
4. झाकून तासभर ते दीड तास फुगू द्या. मग तूप लावलेल्या ब्रेडच्या साच्यात घालून आणखी 45 मिनिटं ठेवा.
5. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर 35 ते 40 मिनिटं भाजा. वरून लवकर काळपट होऊ लागला तर फॉइल झाका.

हमखास होणाऱ्या दोन चुका

पहिली म्हणजे कणीक हाताला चिकटते म्हणून वरून पीठ घालत राहणं. त्याने ब्रेड विटेसारखा होतो. हात ओला करा, पीठ वाढवू नका.

दुसरी म्हणजे गरम असतानाच कापणं. आतला भाग अजून स्थिरावलेला नसतो, त्यामुळे तो सुरीला चिकटतो आणि कच्चा वाटतो. जाळीवर गार करा, कापडात गुंडाळा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी कापा.

हे लक्षात ठेवा

रायचा ब्रेड 'ग्लुटेन फ्री' नसतो. रायमध्येही ग्लुटेन असतं आणि या कृतीत मैदाही आहे. त्यामुळे सिलियाक आजार असलेल्यांनी तो खाऊ नये. तसंच, गडद रंग पाहून तो मधुमेहींसाठी चांगला आहे असंही समजू नका. तो रंग बराचसा काकवीचा असतो, आणि काकवी म्हणजे साखरच.

स्वीडनमध्ये या ब्रेडवर लोणी आणि चीज लावून खातात. पहिला काप तसाच खाऊन बघा.