वि. स. पागे आणि रोजगार हमी

महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाचे लेखन बहुतांशी मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दींभोवती फिरत राहिल्यामुळे विठ्ठल सखाराम पागे यांच्यासारख्या नेत्याला त्यात फार थोडी जागा मिळाली आहे. स्वातंत्र्यचळवळीतून आलेले पागे १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते; परंतु सभागृहाचे कामकाज चालवणारे हे पद असल्याने त्यांच्या हाती ना कोणते खाते होते, ना निधी. तरीही १९६५ च्या सुमारास त्यांच्या विचारातून सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, काम मागणाऱ्या मजुराला शासनाने काम द्यावे या तत्त्वाचा प्रयोग सुरू झाला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी त्याला पाठबळ दिले.

या कल्पनेची खरी कसोटी १९७२ च्या दुष्काळात लागली. खडी फोडणे, पाझर तलाव (म्हणजे अडवलेले पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पुरवणारा तलाव) आणि नाला बांधबंदिस्ती अशा दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर होते. डाव्या पक्षांनी मजुरांना संघटित करून मोर्चे काढले आणि त्या दबावामुळे सरकारला मागे फिरणे अवघड झाले. म्हणून या योजनेचे सगळे श्रेय एकट्या पागे यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र दुष्काळी काम हे टंचाईपुरते दिलेले साहाय्य असते, तर हमी हा मजुराने कोणत्याही वर्षी मागावयाचा हक्क असतो, हा भेद त्यांनी दुष्काळाच्या आधीच मांडला होता.

त्या हक्कासाठी पैसा उभा करण्याची रीत तर अधिकच धाडसी होती. १९७५ च्या कायद्याने पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीकडे वळवण्यात आले, म्हणजे मुंबईतील कारकुनाच्या वेतनातून कापलेली रक्कम मराठवाड्यातील बांधावरच्या मजुरीला लागली. ग्रामीण मतांवर उभ्या असलेल्या राजकारणाला असा कर सोयीचा होता, हेही नाकारता येत नाही.

रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तोवर पागे सभापतिपदावरून निवृत्त झाले होते आणि राज्यात सत्तांतरही घडले होते, पण कायद्याला धक्का लागला नाही. २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा केला, तेव्हा त्यात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी देण्यात आली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.